फुप्फुसाचा संयम

२०२०च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत गॅसवर काढा उकळत होता. तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ, मनुका ही आयुष मंत्रालयाने मार्चअखेरीस सांगितलेली यादी, आणि त्यात घरोघरच्या रिवाजाप्रमाणे गवती चहाची नाहीतर ज्येष्ठमधाची भर. काढ्याबद्दल माझी तक्रार नाही. घसा शेकतो, बरे वाटते, आणि घरातले कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करते आहे याचेही बरे वाटते. तक्रार आहे ती काढ्याबरोबर आपल्यात मुरलेल्या एका समजुतीबद्दल. प्रतिकारशक्ती ही एकच एक मोजता येणारी चीज आहे, ती जितकी जास्त तितकी चांगली, आणि ती पेल्यातून, गोळीतून किंवा बाटलीतून वाढवता येते, अशी ती समजूत. साथ ओसरली. समजूत मात्र औषधांच्या दुकानात काउंटरच्या सर्वांत दर्शनी फळीवर अजून मांडलेली आहे.

फुप्फुसाकडे नीट पाहिले तर ही समजूत टिकत नाही. जंतूंना इतका उघडा असलेला दुसरा अवयव शरीरात क्वचितच असेल. तरीही हा अवयव स्वतःला आणि आपल्याला वाचवतो तो मुख्यतः न लढता. तो दिवसरात्र झाडलोट करतो. झाडलोट पुरत नाही तिथे गाजावाजा न करता प्रकरण मिटवतो. लढाई हा त्याचा शेवटचा उपाय असतो, आणि ती लढाई पुष्कळदा जंतूपेक्षा महाग पडते. हे एकदा पटले की ‘प्रतिकारशक्ती कशी वाढवू’ हा प्रश्न मागे पडतो आणि या अवयवाच्या रोजच्या कामात खोडा कोण घालते आहे, हा प्रश्न समोर येतो. त्याचे उत्तर स्वयंपाकघरातल्या डब्यांत नाही.

आधी उघडेपणा किती ते पाहू. प्रौढ माणूस दिवसाकाठी दहा हजार लिटरहून अधिक हवा आत घेतो. या हवेत धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू, शेजारच्याच्या शिंकेतले थेंब असे सगळे असते. बाहेरची त्वचा जेमतेम दोन चौरस मीटर, आणि तिच्यावर मृत पेशींचे जाड अस्तर. फुप्फुसाच्या आतला पृष्ठभाग मात्र साधारण सत्तर चौरस मीटर धरला जातो, आणि तिथे अस्तर वगैरे काही परवडणारे नसते. तीस ते पन्नास कोटी वायुकोशांमध्ये हवा आणि रक्त यांच्यात जो पडदा असतो त्याची जाडी बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही कमी, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. तो जाड केला तर ऑक्सिजन आत जाणार नाही, आणि पातळ ठेवला तर जंतूंना रक्ताचा रस्ता मोकळा. शिवाय हृदयाच्या उजव्या बाजूतून निघणारे सगळे रक्त, मिनिटाला सुमारे पाच लिटर, याच पडद्यामागून जाते. येथे भोक पडले तर नुकसान फुप्फुसापुरते राहत नाही.

या पेचातून शरीराने काढलेला पहिला मार्ग म्हणजे आत येणाऱ्या गोष्टी आत पोचूच न देणे. नाकातले केस आणि वळणावळणाच्या हाडांवरची ओलसर कातडी मोठे कण अडवते. दहा मायक्रॉनच्या वरचे बहुतेक कण तिथेच अडकतात. जे पुढे जातात ते श्वासनलिकेच्या भिंतीवर आदळून कफाच्या थरात रुततात. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला कोट्यवधी पेशी असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर दोनशेच्या आसपास सूक्ष्म लोम, आणि हे लोम सेकंदाला दहा ते पंधरा वेळा एकाच दिशेला, घशाकडे, झुलतात. त्यांच्या बुडाशी पातळ द्रव असतो आणि शेंड्यांवर चिकट कफ. द्रवामुळे लोम मोकळे हलतात आणि कफ पुढे ढकलला जातो, मोठ्या श्वासनलिकेत मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने. वर आलेला कफ आपण नकळत गिळतो आणि पुढचे काम जठरातले आम्ल करते. दिवसभरात हे आपल्याला कळतही नाही. कळते ते काम बिघडल्यावर. बेडका पडतो, खाकरावे लागते, छाती खुळखुळते.

कफाविषयी आपल्या मनात किळस असते, पण तो नुसती घाण नव्हे. १९२१ साली अलेक्झांडर फ्लेमिंगला सर्दी झाली होती. त्याने स्वतःच्या नाकातला शेंबूड जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत टाकला, आणि भोवतालचे जंतू विरघळताना पाहिले. पुढच्या वर्षी त्याने प्रसिद्ध केलेला हा पदार्थ म्हणजे लायसोझाइम. पेनिसिलिनला अजून काही वर्षे अवकाश होता. कफात हे विकर आहे, जंतूंचे लोह पळवणारे लॅक्टोफेरिन आहे, जंतूंना चिकटून त्यांचे पाय रोवू न देणारी आयजीए ही प्रतिपिंडे आहेत. यांतली आयजीए तर मारण्यापेक्षा अडवण्याचेच काम अधिक करते. जंतूला भिंतीला धरता आले नाही की लोम त्याला वर लोटतात, बस्स.

पण झाडलोट हे मुख्य काम आणि बाकीचे पूरक, असे म्हणायला पुरावा काय? एक पुरावा निसर्गानेच करून ठेवलेल्या प्रयोगात मिळतो. १९३३ साली मानेस कार्टाजेनर या स्विस डॉक्टरने काही रुग्णांत तीन गोष्टी एकत्र दिसतात हे नोंदवले होते: वारंवार सायनसचा संसर्ग, श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत पू साठणे, आणि हृदय उजव्या बाजूला असणे. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे चाळीसहून अधिक वर्षे कोडेच राहिले. १९७६ साली स्वीडनच्या ब्यॉर्न आफ्सेलिउसने ते सोडवले, तेही फुप्फुसाकडून नव्हे. मूल होत नाही म्हणून तपासल्या गेलेल्या काही पुरुषांच्या शुक्रपेशींची शेपटी हलत नव्हती. त्याच पुरुषांना लहानपणापासून छातीचे आजार होते आणि त्यांच्यातल्या काहींचे हृदय उजवीकडे होते. शुक्रपेशीची शेपटी आणि श्वासनलिकेचा लोम यांची रचना एकच. लोम हलत नाहीत, म्हणून कफ तुंबतो, म्हणून संसर्ग. (हृदय कोणत्या बाजूला जावे हेही गर्भात हलणारे लोमच ठरवतात. ते हलत नसले की डावे-उजवे हा नुसता योगायोग उरतो.) या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी ठणठणीत असतात, प्रतिपिंडे पुरेशी असतात. रूढ अर्थाने त्यांची प्रतिकारशक्ती धड आहे. तरीही आयुष्यभर न्यूमोनिया त्यांची पाठ सोडत नाही.

खोकल्याचे स्थानही याच कामात. लोमांना न झेपणारा ऐवज खोकला एका झटक्यात वर आणतो. ज्यांचा खोकला मंदावतो, म्हणजे पक्षाघाताचे रुग्ण, भूल दिलेले, दारूने बेशुद्ध झालेले, त्यांच्या फुप्फुसात तोंडातले जंतू उतरून न्यूमोनिया होतो. आणि हे उतरणे आजाऱ्यांपुरते नाही. झोपेत निम्म्याच्या आसपास निरोगी माणसांच्याही घशातला स्राव थोडाफार खाली झिरपतो असे तपासण्यांत आढळले आहे. म्हणजे रात्री जंतू पेरले जातात आणि सकाळपर्यंत उपसले जातात. निरोगी फुप्फुस निर्जंतुक असते असे डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. २००७ साली मानवी शरीरातल्या सूक्ष्मजीवांची मोजदाद करणारा मोठा अमेरिकी प्रकल्प सुरू झाला तेव्हा फुप्फुसाला त्या यादीत जागा नव्हती. आता दिसते ते असे की तिथे जंतूंची सतत ये-जा असते, आणि आरोग्य म्हणजे येणे आणि जाणे यांचा मेळ.

एक ते पाच मायक्रॉनचे कण मात्र या सगळ्यातून निसटून थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. जीवाणू याच मापाचे असतात, आणि खोकल्यातले थेंब हवेत सुकून उरणारे क्षयाचे कणही याच मापाचे. वायुकोशात लोम नाहीत, कफ नाही. तिथे आहेत त्या भक्षक पेशी, मॅक्रोफेज. १८८२ साली मेसिना येथे इल्या मेचनिकोव्हने तारामाशाच्या पारदर्शक अळीला काटा टोचला, आणि त्या काट्याभोवती गोळा झालेल्या पेशी पाहून ‘पेशी जंतूंना खातात’ ही कल्पना मांडली. त्या वेळी ती कल्पना टोकाची वाटली. तिचीच एक फार मवाळ शाखा फुप्फुसात राहते. यांतल्या बहुतेक पेशी जन्माच्या सुमारास तिथे वस्तीला येतात आणि रक्तातून फारशी नवी भरती न होता स्वतःची संख्या टिकवतात. वाड्यातला जुना गडी रात्री अंगणात सांडलेले गुपचूप भरून टाकतो, कुणाला हाक मारत नाही, तसे यांचे वागणे. २०२० साली कॅनडातल्या कॅल्गरी येथील संशोधकांनी जिवंत उंदरांच्या फुप्फुसात या पेशी एका वायुकोशातून दुसऱ्यात सरपटत जाताना पाहिल्या. जीवाणू दिसला की त्या त्याला गिळत, आणि विशेष म्हणजे रक्तातल्या लढाऊ न्यूट्रोफिल पेशींना त्याचा सुगावा लागण्याआधीच गिळत. गस्तीवरच्या या पेशींचा संचार बंद पाडला तेव्हा नेहमीच्या मामुली जीवाणूंवरही न्यूट्रोफिलांची धाड आली आणि फुप्फुसाला इजा झाली.

वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांच्या आत जो साबणासारखा निसरडा थर असतो, तोही या कामात सामील आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास या थराच्या अभावी अडतो, हे मेरी एलन एव्हरीने १९५९ साली दाखवले. श्वासाचे यंत्र म्हणून आपण तो ओळखतो. पण त्यातली दोन प्रथिने जंतूंच्या अंगावरच्या साखरेला चिकटून त्यांना भक्षक पेशींसाठी खुणावतात, आणि जंतू नसतील तेव्हा त्याच पेशींना शांत ठेवायला मदत करतात.

आता लढाईकडे. न्यूट्रोफिल या पेशी जंतू मारण्यात वाकबगार, पण त्या ज्या रसायनांनी मारतात त्यांना जंतू आणि पडदा यांतला फरक कळत नाही. फुप्फुसाच्या केशवाहिन्या इतक्या अरुंद आहेत की न्यूट्रोफिल तिथे दबून, रेंगाळत पुढे सरकतात. म्हणजे मोठी फौज कायम दाराशी उभीच असते, तिला आत बोलवायला वेळ लागत नाही. ती आत आली की वायुकोशात पाणी, पू, मृत पेशी साठतात. न्यूमोनियाच्या एक्स-रेवर जो पांढरा डाग दिसतो, तो जंतूंचा कमी आणि या गर्दीचा जास्त. इतर ठिकाणी सूज आली तर गळू होते, ठणकते, फुटते. येथे सूज आली तर श्वास थांबतो.

कोविडने हे फार कठोर रीतीने शिकवले. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुने, सूज दडपणारे स्टेरॉइड. त्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक-पंचमांशाने. जंतूवर या औषधाचा काहीही परिणाम नाही. त्याने फक्त शरीराचा हात आवरला. ज्या महिन्यांत आपण घराघरांत प्रतिकारशक्ती वाढवत होतो, त्याच महिन्यांत अतिदक्षता विभागात ती कमी करून माणसे वाचत होती. यात विसंगती वाटत असेल तर ती ‘प्रतिकारशक्ती’ ही एकच गोष्ट आहे असे मानण्यातून आलेली आहे.

याच चाचणीत आणखी एक ओळ होती, ती मात्र फारशी कुणी वाचली नाही. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना या औषधाचा फायदा दिसला नव्हता. २०२१च्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडे घरबसल्या, पहिल्या तापापासून, व्हॉट्सअॅपवरच्या चिठ्ठीनुसार घेतली गेली. त्यांनी रक्तातली साखर चढली, नाकातली पहारेकरी पेशी लुळी पडली, आणि एरवी आपण रोज श्वासाबरोबर घेतो आणि पचवतो ती बुरशी सायनसमध्ये, डोळ्यांत, मेंदूकडे पसरली. काळ्या बुरशीचे सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये होते. संयम म्हणजे निष्क्रियता नव्हे, हे त्या रुग्णांच्या काढलेल्या जबड्यांनी दाखवले. हे लिहिताना मला राग येतो, कारण मधुमेहाचे एवढे प्रमाण असलेल्या समाजात असे काही होईल हे ओळखायला फार मोठी विद्वत्ता लागत नव्हती.

इथे एक आक्षेप रास्त आहे. फुप्फुसाचा हा शांतपणा एवढा शहाणा असेल, तर क्षयाचे काय? रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलेला तो जीवाणू नेमका याच शांतपणाचा फायदा घेतो. तो वायुकोशातल्या भक्षक पेशीत शिरतो, पेशीच्या आतल्या पचनाच्या पिशवीला स्वतःपर्यंत पोचू देत नाही, आणि तिथेच वाढतो. गडी ओरडत नाही, म्हणून घर जागे होत नाही. शरीराची खास शिकलेली प्रतिक्रिया सुरू व्हायला काही आठवडे जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या सुमारे एक-चतुर्थांश लोकांना या जीवाणूचा संसर्ग झालेला आहे, आणि दरवर्षीच्या नव्या रुग्णांपैकी चौथा हिस्सा भारतातला असतो. आक्षेप मी मान्य करतो. संयमाची किंमत असते, आणि क्षय ही ती किंमत आहे. पण याच आकडेवारीची दुसरी बाजूही पाहावी. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात प्रत्यक्ष क्षयरोग होतो तो पाच ते दहा टक्क्यांना. बाकीचे नव्वद-पंचाण्णव टक्के त्या जीवाणूला गाठीत बांधून ठेवतात किंवा संपवून टाकतात, आणि त्यांना पत्ताही लागत नाही. तेव्हा खरा प्रश्न असा, की त्या दहातले ते एक कोण, आणि त्यांच्यातच का?

भूक हे एक उत्तर. एचआयव्ही, मधुमेह ही आणखी काही. पण एक उत्तर थेट हवेतून येते, आणि त्याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो. दगडाच्या बारीक धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. ती वायुकोशात पोचली की भक्षक पेशी नेहमीप्रमाणे तिला गिळते. पण सिलिका पचत नाही. तिच्या धारेने आतली पिशवी फाटते, पेशी मरते, कण पुन्हा बाहेर पडतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. फुप्फुसात गाठी आणि व्रण होतात, तो सिलिकोसिस. आणि पहारेकरीच मेले की क्षयाच्या जीवाणूला मोकळे रान. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत हे शतकभर दिसले. आपल्याकडे गुजरातेत खंभातच्या अकीक दगड घासणाऱ्यांमध्ये दिसले, मध्य प्रदेशात मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्यांमध्ये दिसले. देशभर पोरांनी ज्या पेन्सिलींनी मुळाक्षरे गिरवली, त्या पेन्सिलींची धूळ तिथल्या मजुरांच्या छातीत गेली. या मजुरांना काढा पाजून काय होणार होते?

धुराचेही तसेच. विडी-सिगारेटचा धूर लोमांना आधी लुळे करतो, मग त्यांची संख्याच घटवतो. फुंकणाऱ्यांना सकाळी येणारी खोकल्याची उबळ म्हणजे तुंबलेला कफ बाहेर काढण्याची धडपड. धूम्रपान सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढल्यासारखा वाटतो तोही लोम पुन्हा कामाला लागल्यामुळे. नेमके तेव्हाच पुष्कळ जण ‘सोडून उलट त्रास झाला’ म्हणत परत सुरू करतात. पण आपल्याकडे श्वासाचा जुनाट आजार (सीओपीडी) झालेल्या कितीतरी बायकांनी जन्मात विडी ओढलेली नसते. त्यांनी चूल फुंकलेली असते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये, धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीवर जो लेख लिहिला, त्यात लाकूड-शेणीच्या धुराला मध्यवर्ती जागा होती. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून गॅसची जोडणी पुष्कळ घरांत पोचवली. पण सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांच्या चमूने अनेक दशकांपूर्वीच शहरातल्या कमी-अधिक प्रदूषित भागांतल्या रहिवाशांच्या छातीच्या तक्रारींची तुलना केली होती. म्हणजे हे माहीत नव्हते असे म्हणायची सोय आपल्याला नाही.

साथ आली की हे जुने नुकसान उघडे पडते. १९१८च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून शिरलेल्या आणि महाराष्ट्राने ‘मानमोडी’ म्हणून लक्षात ठेवलेल्या इन्फ्लुएन्झात फ्लूच्या विषाणूने लोमांच्या पेशी सोलून काढल्या आणि मागाहून आलेल्या जीवाणूंनी न्यूमोनिया केला. त्या काळच्या शवविच्छेदनांचा नव्याने अभ्यास करणाऱ्यांचा निष्कर्ष असा, की बहुतेक मृत्यू या दुसऱ्या टप्प्यातले होते.

‘म्हणजे धूळ वाईट, हवा जितकी शुद्ध तितके चांगले’ एवढे सरळ मात्र हे नाही. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची २०१६ साली तुलना झाली. दोघांचे मूळ, आहार, राहणी पुष्कळशी सारखी. आमिश अजून घोडे जुंपून, गोठ्याला लागून राहतात. हटराइटांनी यंत्रे घेतली आणि गोठे घरापासून दूर नेले. आमिश मुलांत दम्याचे प्रमाण चार ते सहा पटीने कमी निघाले. त्यांच्या घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली तर उंदरांनाही दम्यापासून संरक्षण मिळाले. शेणगोठ्यातली जिवंत धूळ लहान फुप्फुसाला कशावर चिडू नये ते शिकवते असे दिसते. यावरून कुणी शहरातल्या काजळीचे समर्थन करू लागला तर तो लबाडी करतो आहे. डिझेलचा धूर आणि खडीची भुकटी कुठल्याही फुप्फुसाला काही शिकवत नाही.

या भुकटीसाठी कायदा नव्हता असे नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस हा नोंदवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला. पण तो कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा किंवा अधिक कामगार असतील तरच लागू होई, आणि दगड फोडणारी, घासणारी कितीतरी कामे त्याहून लहान. शिवाय एक्स-रेवर सिलिकोसिस आणि क्षय पुष्कळदा सारखे दिसतात. क्षयाचे निदान झाले तर सहा महिन्यांच्या गोळ्या सरकार फुकट देते. सिलिकोसिसचे निदान झाले तर मालकावर भरपाईची जबाबदारी येते आणि सरकारी निरीक्षकाला खडी फोडणाऱ्या क्रशरवर जावे लागते. त्यामुळे कोणते निदान कागदावर अधिक वेळा उतरते, हे सांगायला नको. मजूर गोळ्या संपवतो, थुंकीतले जंतू जातात, आणि तो पुन्हा त्याच क्रशरवर रुजू होतो. तिथे खडीवर पाण्याचा फवारा मारला तर धूळ पुष्कळ बसते. त्यासाठी एक पंप लागतो, नळी लागते, आणि त्या फवाऱ्याची चौकशी करायला कुणीतरी जावे लागते.